सुटणं : स्टोम्फिया नावाच्या समुद्रफुलाचं प्रकरण

थंड समुद्राच्या पाण्याने भरलेली एक काचेची टाकी. तळाशी दगड, दगडावर बोटभर उंचीचं केशरी-तांबूस समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी (सी ॲनिमोन). बुंधा दगडाला चिकटलेला, वर पट्ट्यापट्ट्यांचे संस्पर्शक पसरलेले. एका कोपऱ्यातून एक तारामासा सरकत येतो आणि त्याच्या एका भुजेचं टोक फुलाला लागतं.

पहिल्या क्षणी जे होतं ते कुठल्याही समुद्रफुलाचं होतं. संस्पर्शक आत जातात, तोंड मिटतं, सगळा प्राणी आकसून मुठीएवढा होतो. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवर बोट लावून हे कुणीही पाहिलं असेल. पुढचं मात्र पाहिलेलं नसतं. मिटलेलं फूल थोड्या वेळात पुन्हा उघडतं, खोड उंच ताणतं, आणि बुंधा दगडावरून सुटतो. पूर्ण सुटतो. सुटलेला तळ फुगून भोवऱ्याच्या आरीसारखा खाली निमुळता होतो. मग अख्खं खोड एका बाजूला खटकन वाकतं, सरळ होतं, दुसऱ्या बाजूला वाकतं, पुन्हा सरळ होतं. प्रत्येक हिसक्यासरशी फूल पाण्यात उसळतं. तारामासा होता तिथेच राहतो आणि फूल काही मिनिटं असं धडपडत टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतं.

या फुलाचं नाव स्टोम्फिया. तारामासा डर्मॅस्टेरियस इम्ब्रिकाटा. निळसर करड्या अंगावर तांबडे डाग आणि हाताला ओल्या चामड्यासारखा बुळबुळीत, म्हणून इंग्रजीत त्याला चामडी तारा म्हणतात. ठिकाण अमेरिकेच्या वायव्य टोकाचा प्युजेट साउंड हा समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा आणि त्याच्या उत्तरेची सॅन हुआन बेटं. याच बेटांवर फ्रायडे हार्बर इथे वॉशिंग्टन विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे, तिची सुरुवात १९०४ सालची. 'प्युजेट साउंडमधलं पोहणारं समुद्रफूल' अशा सरळ मथळ्याखाली येंच आणि पिअर्स या दोघांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे वर्तन मांडलं आणि पुढची वीस-तीस वर्षं प्राणिशास्त्रज्ञांची एक छोटी फळी या एकाच उडीच्या मागे लागली. मला हे प्रकरण आवडतं ते त्यामुळेच. प्रश्न इतका लहान, की हातात मावतो.

स्थानबद्ध म्हणजे काय

शाळेच्या पुस्तकात समुद्रफुलाला 'स्थानबद्ध प्राणी' म्हटलेलं असतं. हाच शब्द आपण सरकारने घरात डांबून ठेवलेल्या पुढाऱ्यासाठी वापरतो. म्हणजे पुस्तक वाचणाऱ्याच्या मनात प्रतिमा तयार होते ती शिक्षा भोगणाऱ्याची: जायचं आहे, पण जाता येत नाही.

खरी गोष्ट बरीच वेगळी आहे. काचेला चिकटलेलं समुद्रफूल बाहेरून, म्हणजे काचेच्या या बाजूने, पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. त्याचा तळवा दिसतो. पापडासारखी गोल, पातळ चकती. मधून कडेपर्यंत सायकलच्या आऱ्यांसारख्या रेषा गेलेल्या. त्या म्हणजे आतल्या उभ्या पडद्यांच्या जोडण्या. कड स्थिर नसते. एका बाजूने किंचित पुढे सरकते, मागून सुरकुती येते, आणि ती सुरकुती लाटेसारखी तळव्यावरून जाते. नुसतं पाहत बसलं तर कंटाळा येतो आणि काही घडलंसं वाटत नाही. मार्करने काचेवर कडेची रेघ ओढून ठेवली आणि जेवून आलं, की रेघ आणि कड यांच्यात बोटभर अंतर पडलेलं असतं. बहुतेक समुद्रफुलं अशी सरकतात. सावली हवी म्हणून, प्रवाह हवा म्हणून, शेजारी नको म्हणून. सरकताना त्यांची पकड मात्र एक क्षणही सुटत नाही. तळव्याचा एक भाग उचलला जातो तेव्हा बाकीचा घट्ट असतो.

स्टोम्फियाचं वेगळेपण इथे आहे. ते सगळा तळवा एकदम सोडतं. पुढे जे होतं त्याला पोहणं म्हणतात खरं, आणि माझ्या मते इथेच या प्रकरणाचं नाव चुकलं. त्या पोहण्यात दिशा नाही, पोहण्याजोगा आकार नाही, कुठे जायचं ते ठरलेलं नाही. पाण्यात पडलेल्या पोत्याने अंग झटकावं तसा तो प्रकार. कौतुक करायचं असेल तर त्याच्या आधीच्या काही सेकंदांचं करावं, जेव्हा आयुष्यभर धरून ठेवण्यासाठी घडलेलं शरीर धरणं सोडतं. आणि त्याच्या नंतरच्या काळाचं, जेव्हा ते पुन्हा धरतं.

हाडं नसलेलं शरीर हिसका कसा देतं

समुद्रफूल म्हणजे पाण्याने भरलेली, वरून एकच तोंड असलेली पिशवी. दोन पेशीथर, मध्ये जेलीसारखा भराव, आणि आत उभे पडदे. तोंड बंद केलं की आतलं पाणी कोंडतं, आणि कोंडलेलं पाणी दाबलं जात नाही. तेच त्याचं हाड. भोवतालचे गोल स्नायू आवळले की पिशवी लांब होते, उभे स्नायू आवळले की बुटकी होते. पिचकारी आणि फुगा यांच्या मधलं काहीतरी.

१९५८ साली सुंड यांनी स्टोम्फियाच्या स्नायूंची तपशीलवार रचना मांडली, आणि पुढे इलेन रॉब्सन यांनी त्याच्या हालचाली आणि मज्जातंतूंचं जाळं यांवर काम केलं. हिसक्याचं श्रेय जातं ते तळव्यापासून निघून खोडाच्या भिंतीत तिरके शिरणाऱ्या स्नायूंना. प्रत्येक उभ्या पडद्यावर असा एक पट्टा असतो. साध्या समुद्रफुलात हे स्नायू बुंधा आणि खोड यांचा सांधा सांभाळतात, सावकाश काम करतात. स्टोम्फियात ते झटक्यात आवळले जातात, आणि वर्तुळात कुठल्या तरी एकाच बाजूचे. म्हणून खोड त्या बाजूला वाकतं. मग पाण्याचा दाब त्याला सरळ करतो, मग दुसरी कुठली तरी बाजू. आळीपाळीने, पण ठरलेल्या क्रमाने नाही.

याच स्नायूंचा एक वेगळा विचार करून पाहा. ते तळव्याच्या कडेला जोडलेले आहेत. बुंधा सोडवायला लागणारी ओढ आणि पाण्यात उसळी मारायला लागणारी ओढ, दोन्ही एकाच यंत्राची. सुटण्यासाठी जे होतं तेच, सुटल्यावर पायाखाली दगड नसल्यामुळे, पोहणं होतं. ही वाट उत्क्रांतीला स्वस्त पडली असावी, असं मला वाटतं.

एलिस, रॉस आणि सटन यांनी १९६९ साली तर फक्त तळव्यावरच निबंध लिहिला: सुटताना, पोहताना आणि पुन्हा बसताना त्याचं काय होतं. प्रकरणाची कळ कुठे आहे हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

कोणाला घाबरायचं

काचेच्या कांडीने टोचलं तर स्टोम्फिया मिटतं, सुटत नाही. बहुतेक तारामासे अंगावरून गेले तरी सुटत नाही. त्या किनाऱ्यावर तारामाशांची काय कमी आहे? डझनावारी जाती, प्रत्येक खडकावर. दर स्पर्शाला उडी मारली असती तर या फुलाला खायला वेळच उरला नसता. उडी मिळते ती डर्मॅस्टेरियसला, हिप्पॅस्टेरिया नावाच्या दुसऱ्या एका तारामाशाला, आणि रॉब्सन यांनी नोंदवल्याप्रमाणे ईओलिडिया या समुद्री गोगलगायीला. ईओलिडिया समुद्रफुलं खाऊनच जगते. डर्मॅस्टेरियसच्या जेवणातही समुद्रफुलं मोठ्या मानाने असतात.

म्हणजे मेंदू नसलेला, डोळे नसलेला प्राणी, आपण माणसं ओळखतो तसे तारामासे ओळखतो. कशावरून? आकारावरून तर नाहीच. वासावरून म्हणावं तर पाण्यातून दुरून आलेला वास पुरत नाही, स्पर्श लागतो. तेव्हा संशय तारामाशाच्या कातडीतल्या कुठल्या तरी द्रव्यावर गेला.

ते द्रव्य हाती लागायला १९८६ साल उजाडलं. पथिराणा आणि अँडरसन या रसायनशास्त्रज्ञांनी डर्मॅस्टेरियसमधून एक अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेलं सेंद्रिय द्रव्य, वेगळं केलं आणि तारामाशाच्या नावावरून त्याला इम्ब्रिकाटिन म्हटलं. १९८९ साली रॉस आणि इतरांबरोबरच्या निबंधात हे एकटं द्रव्य स्टोम्फियाला पोहायला लावतं हे दाखवलं गेलं. टाकीत तारामासा नको, त्याचा हा एक रेणू पुरे.

या रेणूचं कूळ पाहिलं की मात्र थबकायला होतं. तो बेन्झिल-टेट्राहायड्रोआयसोक्विनोलीन गटातला आहे. नाव सोडून द्या. या घराण्याचे नातेवाईक आपल्याला माहीत आहेत ते अफूच्या बोंडातून. पॅपॅव्हरिन हे औषध याच बिरादरीतलं. इम्ब्रिकाटिन सापडेपर्यंत अशी अल्कलॉइडं फक्त वनस्पतींत मिळाली होती. प्राण्यात सापडलेलं हे पहिलं. खसखशीच्या शेतातला माल पॅसिफिकच्या थंड पाण्यात, तारामाशाच्या अंगावर, आणि त्याला घाबरणारं एक फूल. एवढी जुळवाजुळव कथालेखकाने केली असती तर संपादकाने कापली असती.

रासायनिक ओळख पटली तरी आतला निरोप कसा जातो हा प्रश्न वेगळा. १९६०च्या दशकात रॉस आणि सटन यांनी तारामासा बाजूला ठेवून विजेचे हलके झटके दिले. झटके ठरावीक अंतराने देत राहिलं की स्टोम्फिया सुटतं आणि पोहतं, अगदी तारामासा लागल्यासारखं. एकदा सुरू झालं की झटके थांबले तरी पोहणं आपलं चालू राहतं. म्हणजे सगळा कार्यक्रम आत तयार आहे, बाहेरून फक्त कळ दाबायची. १९७६ साली लॉन यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की ही कळ समुद्रफुलाच्या नेहमीच्या चटपटीत मज्जाजाळ्यात नाही. वेगळ्या, संथ वहनव्यवस्थेतून तो निरोप जातो. मिटायचं ते जलद तारेने, सुटायचं ते सावकाश टपालाने. सुरुवातीला पाहिलेली ती मधली विश्रांती, मिटल्यानंतरचा आणि उठण्याआधीचा तो वेळ, अशा यंत्रणेला शोभणाराच आहे. आयुष्याचा ठावठिकाणा सोडायचा निर्णय एका झटक्यात होत नाही. अनेक झटके साठावे लागतात.

इथे नावाबद्दल एक खुलासा करायला हवा. या सगळ्या कामात फुलाचं नाव स्टोम्फिया कॉक्सिनिया असं येतं. ही जात उत्तरेच्या थंड समुद्रांत दूरवर पसरलेली आहे, अटलांटिकमध्येही. १९७३ साली सीबर्ट यांनी प्युजेट साउंड परिसरातल्या एका स्टोम्फियाला स्वतंत्र जात ठरवून स्टोम्फिया डिडेमॉन हे नाव दिलं. त्यामुळे त्याआधीच्या निबंधांत 'कॉक्सिनिया' वाचलं की कोणतं फूल टाकीत होतं याचा जरा सावधपणे विचार करावा लागतो. डिडेमॉनला तिकडचे पाणबुडे इंग्रजीत 'भित्रं समुद्रफूल' म्हणतात. हे मला अन्यायाचं वाटतं. चिकटून बसणारी बाकीची सगळी शूर आणि हे एक पळपुटं, असा अर्थ त्यातून निघतो. इतर बहुतेकांना असं एकदम सुटताच येत नाही हे कुणी विचारात घेत नाही.

बाकीची मोकळी मंडळी

समुद्रफुलांत फिरस्ते आणखीही आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बोलोसेरॉइडिस संस्पर्शकांनी वल्ही मारतं. हवाईतल्या नमुन्यांवर जोसेफसन आणि मार्च यांनी १९६६ साली त्याच्या पोहण्याची मोजमापं केली. गोनॅक्टिनिया हे चिमुकलं फूलही संस्पर्शकांनीच पोहतं. ही दोघं पोहतात म्हणता येईल असं पोहतात. मिनियास कुळातली फुलं तर तळवाच आत वळवून त्याची तरंगपेटी करतात आणि उघड्या समुद्रात पृष्ठभागाखाली उलटी, तोंड खाली करून लोंबतात. लिपोनेमा खोल समुद्रात लोकरीच्या गोंड्यासारखं प्रवाहाबरोबर गडगडतं. आणि २०१३ साली वर्णन झालेलं एडवर्डसिएला अँड्रिली अंटार्क्टिकाच्या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळीत, खालच्या बाजूने, बर्फात बुंधा खुपसून पाण्यात लोंबकळत असतं. त्याला फिरस्ता म्हणावं की छताला टांगलेला भाडेकरू, ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडचा धागा दोन ठिकाणी लागतो. बोलोसेरॉइडिसच्या गटातलं एक नवं समुद्रफूल एन. के. पणिक्कर यांनी १९३७ साली मद्रासजवळच्या मचूळ पाण्यातून वर्णन केलं. हेच पणिक्कर पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. दुसरा धागा त्याच संस्थेत पुढे काम केलेल्या ए. एच. परुळेकर यांचा. १९६९ साली त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निओऐप्टेसिया कॉमेन्सली हे नवं समुद्रफूल मांडलं. ते राहतं संन्यासी खेकड्याबरोबर. रिकाम्या शंखात पोट लपवून हिंडणारा हा खेकडा आपल्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक असतो. त्याच्या शंखावर बसलं की समुद्रफुलाला पाय न हलवता गाव फिरता येतं. एसटीच्या टपावर बसून गेल्यासारखं.

असं टपावर बसणं म्हणजे स्टोम्फियाच्या प्रकरणातला उरलेला अर्धा भाग. कारण रॉस आणि सटन यांनी स्टोम्फियाच्या आधी काम केलं होतं ते कॅलिॲक्टिसवर, युरोपातल्या संन्यासी खेकड्यांच्या शंखांवर बसणाऱ्या समुद्रफुलावर. कॅलिॲक्टिसचे संस्पर्शक शंखाला लागले की तिथे चिकटतात, मग ते खालचा बुंधा सोडतं, कोलांटी घेतं आणि बुंधा शंखावर टेकवतं. एका टोकाने धरल्याशिवाय दुसरं सोडत नाही. झाडावर चढणारा माणूस जसं करतो तसं.

स्टोम्फिया मात्र आधी सोडतं. मग धरायला काही मिळेल ही शक्यताच तेवढी त्याच्याजवळ असते.

पुन्हा धरणं

पोहणं थांबलं की स्टोम्फिया तळाशी आडवं पडतं. ढिलं, फुगलेलं, काही वेळ काहीच न करणारं. या अवस्थेत त्याला पुन्हा तारामासा लावला तरी ते लगेच उठत नाही. ज्यांनी हे टाकीत पाहिलं त्यांना एकदा तरी वाटलं असणार, की मेलं.

खुल्या समुद्रात हा वेळ जोखमीचा. पण तारामासा काही धावत येत नाही. तो मिनिटाला काही सेंटिमीटर या बेताने चालतो आणि त्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढा जबर असतो. सुटलेलं, पाण्याने फुगलेलं, जवळजवळ वजन नसलेलं फूल एकदा तळापासून हातभर वर उचललं गेलं की पुढचं काम ओढा करतो. म्हणूनच त्या पोहण्याला दिशा नसली तरी चालतं. फूल स्वतःहून हातभर गेलं तर ओढा त्याला अंगणभर नेऊन टाकील. हे मी गणित करून नाही, पाण्याकडे पाहून म्हणतो आहे.

आणि मग उतरायचं कुठे? १९६५ साली रॉस यांनी 'सायन्स'मध्येच दाखवलं, की सुटलेल्या स्टोम्फियाला जागेची निवड आहे. त्याला मोडिओलस हवा असतो. मोडिओलस हा शिंपला म्हणजे आपल्या खडकांना चिकटणाऱ्या शिनाण्यांचा थंड पाण्यातला दांडगा नातलग, जाड कवचाचा, तळाशी अर्धा रुतून बसणारा. दगड, काच, दुसरे शिंपले शेजारी असले तरी मोडिओलसचं कवच लागलं की फुलाचं वागणं बदलतं. लॉन आणि मॅकफार्लेन यांनी १९७६ साली या उतरण्यामागच्या निरोपांचाही माग काढला. सुटण्याइतकीच बसण्याचीही स्वतंत्र यंत्रणा आहे.

शिनाणे काढणाऱ्या कुणालाही विचारा, कवचावर काय काय बसलेलं असतं: बार्नॅकल, शेवाळ, किड्यांच्या चुनखडी नळ्या. पकड धरायला याहून खरखरीत आणि टिकाऊ जमीन गाळाच्या तळावर दुसरी नाही. शिंपला जागचा हलत नाही, स्वतः पाणी खेचत असतो, आणि गाळाच्या वर डोकं काढून बसलेला असतो. स्टोम्फियाने निवडलेली जागा घर घेताना आपण पाहतो त्याच कसोट्यांवर उतरते.

टाकीत ते असं दिसतं. आडव्या पडलेल्या फुलाचे दोन-तीन संस्पर्शक शिंपल्याच्या कवचाला लागतात आणि तिथेच राहतात. त्यांच्या आधाराने सैल खोड हळूहळू वाकतं. आता यात हिसका नाही. मघाशी भोवऱ्याच्या आरीसारखा निमुळता झालेला तळ फुगून गोल होतो, कवचाकडे वळतो, चाचपडतो. कडेचा एक भाग टेकतो. मग त्याच्या शेजारचा. चकती कवचाच्या गोलाईवर पसरत जाते, आणि बुंधा बसला की संस्पर्शक कवच सोडून वर येतात. खोड उभं राहतं, तोंडाकडची चकती उघडते. खालचा शिंपला, इतका वेळ मिटून बसलेला, किंचित फाकतो आणि पाणी ओढू लागतो.